पद्माकाकूंचा अडकित्ता

"बाई, कोंबडी आणलीत व्हय?"

आण्णा मगदुमांनी रेकॉर्डचं पाकीट हात लांब करून धरलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पाकिटावर एक काळाभोर पियानो होता, पियानोवर एक हिरवी कोंबडी ऐटीत बसली होती आणि तिच्या गळ्यात चक्क टाय होता.

"आत कोंबडी नाहीये आण्णा," मी म्हटलं. "आत नुसतं संगीत आहे."

"तसं न्हवं. आमच्या जैनाच्या घरात आजपर्यंत अंडं आलेलं न्हाई. तुम्ही सरळ कोंबडीच आणली, ती पण टाय बांधून."

माडीवरचे सगळे हसले. मीही हसले. त्या सकाळी मला श्री पंचगंगा संगीत श्रवण मंडळात प्रवेश मिळणार होता किंवा कायमचा नाकारला जाणार होता, आणि ते सगळं या कोंबडीच्या हातात होतं.

इचलकरंजीत मी तेव्हा नवीन होते. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली म्हणून चिपळूण सोडलं आणि इथे एका खोलीत राहायला आले. खोलीच्या तीन बाजूंना माग होते आणि चौथ्या बाजूला पिठाची गिरणी. दिवसभर खटखट चालू असायची. माझ्याजवळ एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता, पण त्या गदारोळात त्यावर काय लावलंय ते मला स्वतःलाच कळायचं नाही. या गावात सगळेच ओरडून बोलतात. पहिले काही दिवस मला वाटायचं, भाजीवालीपासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांचा माझ्यावर राग आहे. मागाच्या आवाजात जन्म गेलेल्या माणसांना हळू बोलता येत नाही आणि ती ऐकण्यापेक्षा समोरच्याच्या तोंडाकडे बघून समजून घेतात, हे मला फार उशिरा कळलं. तर अशा गावात गाण्याबद्दल एक वाक्य बोलायला मला माणूस मिळेना. मी आतून वाळून चालले होते.

मग कुणीतरी या मंडळाचं सांगितलं. आण्णांचं स्वतःचं मागांचं शेड होतं आणि शेडवर लाकडी फळ्यांची माडी. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असायचे, गाव एकदम गप्प व्हायचं, आणि त्या सकाळी सात-आठ माणसं आण्णांच्या माडीवर जमून रेकॉर्ड ऐकायची. पाटीवर नाव लांबलचक होतं, पण गाव त्याला गप्प मंडळ म्हणायचं. कारण तिथला पहिला नियमच तो होता. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही आणि जागचं उठायचं नाही. तहान लागो, शिंक येवो, पायाला मुंग्या येवोत.

दुसरा नियम दाद देण्याचा. पहिली 'वा' आण्णांची. आण्णा 'वा' म्हणाले की मग बाकीच्यांनी हवं तेवढं डोलावं. तोवर कुणी मान हलवली तरी हावळ मास्तर डोळे वटारायचे. मास्तर म्हणजे मंडळाचे चिटणीस, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मिशा इतक्या दाट होत्या की चहा पिऊन झाल्यावर त्या पुसायला वेगळा रुमाल लागायचा. आण्णा दर सुट्टीला त्यांना एकदा तरी म्हणायचे, "मास्तर, त्या मिशा कातरा की वो जरा. आत तोंड हाय का न्हाई त्ये कळंना झालंय." मास्तर म्हणायचे, "ते तेवढं सोडून बोला." हे संभाषण न चुकता व्हायचं, आरतीसारखं.

तिसरा नियम माझ्या गळ्याशी आला होता. नव्या सभासदाने अशी रेकॉर्ड आणायची, जी मंडळात कुणीच ऐकलेली नाही. तिला आण्णांची एक जरी 'वा' मिळाली, तरी माणूस आत. नाही मिळाली तर नमस्कार करून घरी. मी बाई आहे याचा नियमात कुठे उल्लेख नव्हता. मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले होते, "मनाई नाही बाई. सवय नाही, एवढंच."

माझ्या स्वतःच्या होत्याच पाच रेकॉर्डी. त्या पाचही आण्णांच्या कपाटात होत्या, दोनांच्या तर दोन-दोन प्रती. उरली होती ती एक कोंबडीची. माझा धाकटा भाऊ सुहास बोटीवर नोकरीला होता, त्याने कुठल्याशा बंदरात घेतलेली आणि माझ्याकडे ठेवून गेलेली. मी ती एकदोनदा ऐकली होती. आवडली का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एकदा ऐकली की दिवसभर पायात शिरून बसायची, एवढं खरं.

आता मास्तरांनी पाकीट उलटं केलं आणि मागचं बारीक इंग्रजी अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "प्रोग्रेसिव्ह. जॅझ. फंक. रॉक. आणि कंसात, प्रायोगिक."

"म्हणजे नक्की काय झालंय त्याला?" डॉक्टर बुगडांनी विचारलं. ते गावातले दातांचे डॉक्टर. "चार रोग एकाच माणसाला?"

"वर प्रयोग पण त्याच्यावरच," मास्तर म्हणाले. "बसा बाई. नियम सगळ्यांना सारखा. संपेपर्यंत आम्ही कुणी उठणार नाही, काळजी नको."

त्यांच्या बोलण्यात मला काळजी वाटावी असंच बरंच काही होतं.

खुर्च्या पुरुषांसाठी होत्या. मी दाराजवळच्या चटईवर पद्माकाकूंच्या शेजारी बसले. काकू म्हणजे आण्णांच्या पत्नी. मंडळाच्या सभासद नव्हत्या, पण एकही बैठक त्यांनी चुकवली नसेल. उंबऱ्याजवळ आण्णांच्या अगदी समोर त्यांची जागा ठरलेली. पुढ्यात पितळी तबक, तबकात सुपाऱ्या आणि हातात मोराच्या तोंडाचा अडकित्ता. रेकॉर्ड लागली की काकू सुपारी कातरायला घ्यायच्या. खातंय कोण एवढी, हा प्रश्न मंडळात कुणी विचारत नव्हतं. बैठक संपली की प्रत्येकाला सुपारीची पुडी मिळायची. बुगड ती खिशात टाकताना दर वेळी म्हणायचे, "वहिनी, तुमच्यामुळं माझा दवाखाना चालतोय बघा."

आदल्या सुट्टीला मी पाहुणी म्हणून आले होते, तेव्हा एक गोष्ट बघून मला फार मौज वाटली होती. आण्णा गाणं ऐकताना डोळे मिटत नसत. बाकी सगळे समाधी लागल्यासारखे बसलेले आणि आण्णा मात्र एकटक आपल्या बायकोकडे बघत बसलेले. बुगड त्यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा करायचे. "साठी उलटली आण्णा, आता तरी नजर काढा की!" आण्णा हसून म्हणायचे, "तुमच्या पोटात का दुखतंय?" आणि काकू पदर सावरून सुपारीत डोकं घालायच्या. कुमारवयीन मुलीसारख्या लाजायच्या. मला वाटलं होतं, नशीबवान बाई.

मास्तरांनी सुई ठेवली. लाकडी फळ्यांवर ठेवलेला तो कपाटाएवढा स्पीकर आधी खरखरला आणि मग एकाच वेळी चार माणसं जिन्यावरून भांड्यांसकट पडावीत तसा आवाज झाला.

बुगडांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ती सवय त्यांना दवाखान्यातल्या रोग्यांना बघून लागली असणार.

पुढे जे वाजत होतं त्याचं वर्णन करायला माझ्याकडे तेव्हाही शब्द नव्हते. एक सॅक्सोफोन कुणाशी तरी भांडत होता. ड्रमवाला त्याची समजूत घालता घालता मध्येच स्वतःच चिडायचा. गिटार आपल्याच नादात वेगळ्या गल्लीने चालली होती. मधेच सगळे थांबायचे, आपण मनात म्हणायचो संपलं, आणि ते पुन्हा सुरू व्हायचे. मास्तरांनी मांडीवर मात्रा मोजायला घेतल्या. सात मोजून टाळी दिली, ती हवेत गेली. मग आठ मोजले. मग नऊ. मग त्यांनी हात उघडून आपल्या बोटांकडे असं बघितलं, की इतकी वर्षं मुलांना याच बोटांवर बेरजा शिकवल्या का आपण!

मला हसू येत होतं आणि रडूही. आण्णांच्या तोंडून 'वा' निघणं आता अशक्य होतं. पुढच्या सुट्टीपासून पुन्हा ती खोली आणि पिठाची गिरणी.

मी काकूंकडे बघितलं. त्यांच्या अडकित्त्यात सुपारी धरलेली होती, पण तो मिटत नव्हता. काकूंची मान किंचित हलत होती, ओठ काहीतरी मोजत होते. अडकित्ता आता मिटणार असं वाटायचं आणि नेमक्या त्या क्षणी ड्रमवाला भलतीकडेच वळायचा. काकूंचा हात तिथेच थबकायचा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एखादी रेकॉर्ड आवडली नाही म्हणून कुणाला असा घाम फुटत नाही.

मग मी आण्णांकडे बघितलं. ते नेहमीसारखेच खुर्चीवर, जाड गादीवर मांडी घालून बसले होते आणि नेहमीसारखेच बायकोकडे बघत होते. पण आज त्या नजरेत लाडिकपणा नव्हता. परीक्षेला बसलेलं पोर शेजारच्याच्या पेपराकडे बघतं, तसे ते त्या अडकित्त्याकडे बघत होते.

आणि मला मागची सुट्टी आठवली. ख्याल रंगात आलेला, तबल्याची सम जवळ येत होती, काकूंचा अडकित्ता मिटला, कट, आणि पाठोपाठ आण्णांची 'वा'. पुढच्या आवर्तनाला पुन्हा कट आणि पुन्हा 'वा'. मला तेव्हा वाटलं होतं, काकूंचं कातरणंसुद्धा किती तालात आहे.

पहिली बाजू संपली. एकही 'वा' झाली नव्हती. बाजू बदलताना थोडं हलायची सूट असायची. कुणी कपाळ पुसलं, कुणी मान मोडली. मास्तर उठून रेकॉर्ड प्लेअरपाशी गेले. तो आण्णांच्या खुर्चीच्या मागे होता. तिथूनच त्यांनी विचारलं, "आण्णा, दुसरी बाजू लावू, का इथंच थांबायचं?"

आण्णा काही बोलले नाहीत.

"आण्णा, लावू का नको?"

आण्णा समोर बघत होते. शांत, प्रसन्न.

"लावा म्हंतायत त्ये," काकू घाईघाईने म्हणाल्या. "लावा की. बाईंनी हौसेनं आणलीया."

मास्तर हातात रेकॉर्ड धरून क्षणभर तसेच उभे राहिले. आण्णांच्या टकलाकडे बघत. मग त्यांनी रेकॉर्ड उलटी केली आणि सुई ठेवली.

दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक तुकडा होता. त्याची सुरुवात नुसत्या बेस गिटारने व्हायची. चार तारांची ती जाडजूड गिटार, तिचा आवाज कानाला फारसा लागत नाही, पोटात लागतो. धुम्म. धुम्म धुम्म. तो स्पीकर त्या फळ्यांवर बसून असा घुमायला लागला की तबकातल्या सुपाऱ्या एकमेकींना चिकटून थरथरायला लागल्या.

काकूंनी त्या हाताने दाबून धरल्या.

आण्णांच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात. इतका वेळ ते अंग आवळून बसले होते ना, इशाऱ्याची वाट बघत. त्यांनी मांडी मोडली आणि दोन्ही पाय खाली सोडले. उघडे पाय फळ्यांवर टेकले.

बुगड मला मागच्याच सुट्टीला सांगत होते, की आण्णा शेडमध्ये जाताना चपला दाराबाहेर काढतात. लोकांना वाटतं देवळासारखी भक्ती आहे. खरं म्हणजे त्यांना पायाने कळतं. सगळे माग धडाडून चालू असताना ते मधोमध नुसते उभे राहायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्याचा पट्टा सैल झालाय बघ." आणि तो झालेला असायचा.

पाय टेकले आणि आण्णांचा चेहरा बदलला. आधी दचकले. खाली फळ्यांकडे बघितलं, जणू खालच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी कुणी माग चालू केलाय. मग स्पीकरकडे बघितलं. मग काकूंकडे. काकू बिचाऱ्या अजून सम शोधत होत्या, त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं की मला काही सापडत नाहीये.

आण्णांनी डोळे मिटले.

मी आण्णांना डोळे मिटून ऐकताना पहिल्यांदा बघत होते. शेजारी बसलेल्या काकूंनी श्वास आत ओढला त्यावरून कळलं की त्यांनीही फार दिवसांनी बघितलं होतं.

बेस आपल्या चालीने चालला होता. ड्रम त्याच्याहून थोड्या वेगळ्या चालीने. दोघांचं जमत नव्हतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. मास्तरांनी तर मोजणं सोडून हात मांडीखाली घातले होते. पण आण्णांच्या उजव्या पायाचा अंगठा एक चाल धरून होता आणि डाव्या पायाची टाच दुसरी. त्यांची मान हळूहळू खाली झुकत गेली. भुवया वर चढल्या. काहीतरी येतंय हे त्यांना कळलं होतं आणि आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. मग त्यांचा हात वर गेला, थांबला, आणि बेस, ड्रम, सॅक्सोफोन, गिटार, सगळेच्या सगळे कुठून कुठून येऊन एकाच ठिकाणी धाडकन आदळले.

"वा!" आण्णा ओरडले.

त्या ठोक्यावर. तिथेच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

काकूंच्या हातातला अडकित्ता तबकात पडला. त्याचा मोठा आवाज झाला, पण रेकॉर्डच्या आवाजात माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नाही. काकूंनी तो घाईने उचलला. इतक्या वर्षांची सवय, त्यांना वाटलं आपली चूक झाली, आपण मागे पडलो. त्यांनी सुपारी पकडली, मोजायला लागल्या. आण्णांनी डोळे न उघडता त्यांच्या दिशेने तळहात दाखवला. थांब.

पुन्हा ते सगळे पांगले, आपापल्या गल्ल्यांनी गेले. पुन्हा आण्णांचा अंगठा, टाच, झुकणारी मान. पुन्हा हात वर. आणि पुन्हा धाडकन. "वा! आयला, वा!"

आता बुगडही ओरडले. कशाला ते त्यांना माहीत नव्हतं. सगळी माडी ओरडायला लागली. नियम होताच तसा, आण्णांची 'वा' झाली की बाकीच्यांना मोकळीक. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते, कारण रेकॉर्ड चालू असताना हलायचं नाही.

रेकॉर्ड संपली तेव्हा आण्णा डोळे उघडून म्हणाले, "शेडात असंच असतंय बघा. कुठलाबी माग दुसऱ्यासारखा चालत न्हाई. एक हळू, एक उतावळा. पण मधीच कवातरी सगळ्यांचे धावणारे धोटे एकदम काठाला लागत्यात. एकच ठोका. कामगार पण मान वर करून एकमेकांकडं बघत्यात. मग परत आपलं सगळं येगळं येगळं. हितं तसंच हाय. या लोकांच्यात कुणीतरी मागावर बसलेला असणार."

"परदेशी आहेत ते आण्णा," मी म्हटलं.

"मग तिकडं माग नसत्यात व्हय?"

मास्तर उभे राहिले आणि त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं, "आण्णांची वा मिळाली. दोनदा. साळवी बाई आत."

मी चहाला मदत करायला म्हणून काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेले. काकू स्टोव्हसमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. आधण उकळत होतं आणि त्या साखर टाकायची विसरल्या होत्या.

"काकू," मी म्हटलं, "कधीपासून?"

त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "पोरीच्या लग्नानंतर. आधी उजवा कान गेला, मग डावा. मागानंच खाल्लं की. मला म्हणाले, मंडळ बंद करतो, आता मी काय करू त्यात बसून. चार दिवस जेवले न्हाईत. मग मीच म्हटलं, मी हाय की. माझं माहेर तेरदाळचं, वडील पेटी वाजवायचे. सम कळती मला, सांगते म्हटलं तुम्हांस्नी."

"आणि कुणालाच कळलं नाही?"

"या गावात?" काकू हसल्या. "हितं सगळेच बहिरे. तोंडाकडं बघून बोलणं समजतंय त्यांना. फक्त त्या मास्तरांच्या मिशा तेवढ्या आड येत्यात." मग हसू थांबलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "पण बाई, तुम्हाला खरं सांगू का? तवापासनं एवढ्या रेकॉर्डी लागल्या या घरात, मी एक पण ऐकली न्हाई. मोजत बसायचं नुसतं. जरा कुठं गाण्यात जीव रमला की भीती वाटायची, सम हुकंल म्हणून. लई राग यायचा कधीकधी. त्यांचा न्हवं. गाण्याचाच."

मी साखरेचा डबा पुढे केला.

चहा झाला. मंडळाची बैठक भैरवीने संपायची, हाही एक नियमच. मास्तरांनी कपाटातून एक जुनी रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली. काकू उंबऱ्याजवळ आपल्या जागेवर बसल्या, तबक पुढे ओढलं, अडकित्ता उचलला. मी शेजारी बसले. या रेकॉर्डमध्ये धुम्म नव्हतं. एक तंबोरा, एक तबला आणि बाईचा बारीक गोड आवाज. फळ्यांमधून पायाला काही कळायचं नाही.

आण्णांना ते आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी पाय वर घेतले, गादीवर मांडी घातली आणि म्हणाले, "आज सुपारी नको."

आवाज न करता, नुसत्या ओठांनी काकूंनी विचारलं, "मग तुम्ही?"

"तू ऐक की," आण्णा म्हणाले, सगळ्यांसमोर, गावात बोलतात तसं मोठ्याने. "मी बघतो तुझ्याकडं."

"बघताच की रोज!" बुगड ओरडले आणि माडीवर हशा उसळला. आण्णाही हसले.

हावळ मास्तर मात्र हसले नाहीत. ते सुई हातात धरून आण्णांच्या खुर्चीमागे उभे होते. तिथून त्यांनी एकदा अडकित्त्याकडे बघितलं, एकदा काकूंच्या मोकळ्या हातांकडे. मग फार जपून सुई ठेवली.

भैरवी सुरू झाली. काकूंच्या हातांना काय करावं ते कळेना. त्यांनी ते आधी पदरात गुंडाळले, मग मांडीवर ठेवले, मग तसेच राहू दिले. आलाप भरत गेला तशी त्यांची मान दाराच्या चौकटीला टेकली आणि डोळे मिटले. आण्णा बघत होते. गाणं त्यांच्या कानात नव्हतं, पण समोरच्या चेहऱ्यावर ते येत होतं, जात होतं, आणि आण्णांची नजर त्याच्या मागोमाग फिरत होती.

गाणाऱ्या बाईंनी एक अवघड जागा सहज घेतली आणि समेवर आल्या.

"वा," काकू म्हणाल्या.

अगदी हळू. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी दचकून डोळे उघडले. मंडळाच्या स्थापनेपासून आण्णांच्या आधी कुणी 'वा' म्हटलं नव्हतं. सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तर ताठ बसले होते. त्यांनी घसा खाकरला.

"वा!" मास्तर म्हणाले. "वा, वहिनी."

मग आण्णा म्हणाले, मग बुगड, मग मी. त्या दिवशी सुपारीची पुडी कुणालाच मिळाली नाही आणि कुणी मागितलीही नाही.

मी पुढे बरीच वर्षं त्या मंडळात होते. सुहासने बोटीवरून आणखी कितीतरी रेकॉर्डी पाठवल्या, एकाहून एक तऱ्हेवाईक. आण्णा त्या सगळ्या अनवाणी ऐकायचे. आण्णांच्या कानांबद्दल माडीवर कुणी कधी एक शब्द काढला नाही. त्याबद्दल जे काही बोलणं झालं ते पुढच्याच सुट्टीला झालं, आणि तेही न बोलता. हावळ मास्तर जरा उशिरा आले. आपली खुर्ची उचलून त्यांनी आण्णांच्या अगदी समोर ठेवली, बसले आणि नमस्कार केला. त्यांना ओळखायला आम्हाला थोडा वेळ लागला. त्यांनी मिशा साफ उतरवल्या होत्या.